टांगेवाल्या काकींचं काळं तेल

टांगेवाल्या काकींनी मला पहिल्या भेटीतच थोबाडीत मारली. रत्नागिरीत नवीन नोकरी लागली होती आणि मी त्यांच्याकडे भाड्याची खोली बघायला गेले होते. त्या अंगणात घोड्याला खरारा करत होत्या. "खोली रिकामी आहे असं कळलं" एवढं मी म्हणते न म्हणते तोच गालावर सणसणीत बसली. मी थिजून उभी. काकींनी तळहात उघडून माझ्यासमोर धरला. त्यात एक चिरडलेला डांस होता. डांस म्हणजे डास नव्हे; मधमाशीएवढी, राखाडी अंगाची, रक्त पिणारी माशी.

"तुझ्या गालावर बसला होता," त्या म्हणाल्या. "तुला चावला असता ते सोड. तुझ्यावरनं उठून माझ्या घोड्यावर बसला असता."

मग तोच हात पदराला पुसून त्यांनी कमरेची किल्ली काढून दिली. मी खोली घेतली. ऑफिस जवळ होतं, विहिरीला बारमाही पाणी होतं आणि दाराला आतून भक्कम कडी होती. माझ्या यादीतले तिन्ही मुद्दे पुरे होत होते. घरमालकीण मारते की नाही, हा मुद्दा यादीत घालायचं मला सुचलं नव्हतं.

काकींचे यजमान टांगा हाकायचे. ते गेले त्यालाही काही वर्षं झाली होती. मागे राहिला टांगा, घोडा आणि सुधाकर नावाचा मुलगा. त्या तिघांत काकींच्या मनातली उतरंड घोड्यापासून सुरू होत असे. घोडा पांढरा, वयस्क, शांत. नाव वकील. चाला म्हटलं की आधी नकारार्थी मान हलवायची आणि मगच पाऊल उचलायचं, अशी त्याची खोड होती, म्हणून यजमानांनी ते नाव ठेवलं होतं. त्यामुळे आमच्या आळीत "वकिलांनी आज खाल्लं नाय," "वकिलांच्या पायाला सूज आली," अशी वाक्यं सर्रास ऐकू यायची आणि नवा माणूस चक्रावून जायचा.

काकी सतत रागावलेल्या असत. मी रागीट माणसं बरीच पाहिली. त्यांचा राग येतो आणि जातो. काकींचा राग नोकरीवर असल्यासारखा होता. सकाळी हजर, संध्याकाळी हजर, आणि पावसाळा सरता सरता जादा पाळी. कारण शत्रूही तसाच हजर असे. ऊन तापलं की डांस येत. दिवसभर गोमाशा पायांना चावत, आणि घोडा खूर आपटून आपटून जमीन खणून काढी. दिवेलागणीला मुरकुटं येत. डोळ्यांना धड दिसतही नाहीत असली चिलटं, पण कानात आणि आयाळीच्या मुळाशी असा दंश करतात की घोडा खांबाला मान घासून रक्त काढतो. काकींना या तिघांच्या वेळा पाठ होत्या. पाहुण्यांना त्या वेळ द्यायच्या त्या याच हिशोबाने. "डांसांच्या टायमाला येऊ नको, मला बोलायला फुरसत नाय."

तबेल्यात लीद पडली की ती गार होण्याआधी उचलली जायची आणि पार मागच्या कुंपणाबाहेर जायची. जमिनीवर राख आणि कोरडी वाळू. पाण्याचं थारोळं दिसलं की काकींचं डोकं फिरायचं. शेजारच्या घरातली सून एकदा भांड्यांचं खरकटं पाणी कुंपणापाशी ओतताना दिसली, तर काकींनी तिला तिच्या सासूसमोर विचारलं, "काय गो, माझ्या दारात माशांची खाणावळ काढतेस? पाटी पण लाव मग." सासूला सून आवडत नसे. तरी त्या दिवशी तिने सुनेची बाजू घेतली. काकींनी अशी पुष्कळ घरं जोडून दिली.

संध्याकाळची धुरी हा आळीतला कायमचा तंटा. लोखंडी पाटीत नारळाची सोडणं, म्हणजे सालं, पेटवून त्यावर निरगुडीचा ओला पाला टाकायचा आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला ती पाटी ठेवायची. धूर तबेल्यातून जाऊन सरळ माझ्या खिडकीत शिरे. माझ्या साड्या, माझी उशी, माझा भात, सगळ्याला निरगुडीचा वास. मी एकदा हिशेबशीर बोलायला गेले. म्हटलं, "काकी, पाटी दोन हात डावीकडे सरकवली तर माझी खिडकी वाचेल."

"नि घोडा?"

"घोड्याला थोडा कमी धूर मिळेल."

"मग तू तबेल्यात झोप नि घोड्याला खिडकीत बांधतंय. तुला हात हायत. तुला माश्या मारता येतात."

तेव्हापासून संध्याकाळी खिडकी लावून घ्यायची सवय मी लावून घेतली.

लग्नसराईत वकिलाला मागणी असे, कारण पांढरा घोडा आमच्या भागात दुसरा नव्हता. लग्नघरची माणसं घोडा न्यायला आली की काकी त्यांची उलटतपासणी घेत. एका वरातीच्या वेळी नवऱ्याच्या करवल्यांनी हौसेने घोड्याच्या शेपटीची वेणी घातली आणि वर गजरा माळला. काकींनी भर रस्त्यात वरात थांबवली. वाजंत्री गप्प. नवरदेव वर बसलेला, मुंडावळ्यांतून खाली बघतोय. "सोडा ती वेणी," काकी म्हणाल्या. "शेपूट हा त्याचा हात हाय. नवऱ्याचे हात बांधून लग्नाला न्याल काय?" मागून कोणीतरी टगा म्हणाला, "तेच तर चाललंय, काकी!" सगळे हसले. काकी हसल्या नाहीत. वेणी सुटेपर्यंत त्या लगाम धरून उभ्या राहिल्या.

त्याच माणसांनी नंतर नाकाला रुमाल लावून तक्रार केली की घोड्याला वास येतो. येतच होता. तो काकींच्या तेलाचा होता आणि माझ्या गोष्टीचा मुद्दा तेच तेल आहे.

एका पत्र्याच्या डब्यात ते काळपट, कडवट वासाचं तेल असे. रोज संध्याकाळी काकी ते तळहातावर चोळून घेत आणि अगदी पातळ, पुसटसं बोट घोड्याच्या कानांत, आयाळीच्या मुळाशी, पोटाखाली आणि पायांना लावत. हे करताना तेवढ्या त्या शांत असत. माशी बसायला येई, घुटमळे आणि उडून जाई. ते तेल कसलं आहे हे मात्र त्या कोणालाही सांगत नसत. टांग्याच्या स्टँडवरच्या इतर टांगेवाल्यांनी विचारून पाहिलं. सुधाकरनेही विचारलं. मी तर खोलीत राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात विचारलं, कारण मला डब्यावर चिठ्ठी नसलेली कुठलीही वस्तू बघवत नाही.

"तुला काय करायचंय? तुझ्या हापिसातले कागद हलव."

"पण तुम्ही नसाल तेव्हा?"

"मी नसेन कशाला?"

या एका उत्तराचा मला त्या वेळी राग आला होता आणि आजही येतो. पण त्यामागचं कारण मला हळूहळू कळलं. वडिलांच्या मागे टांगा सुधाकर हाकायचा, पण त्याला तो नको होता. रत्नागिरीत तेव्हा रिक्षा सुरू झाल्या होत्या. स्टँडवर एस.टी. लागली की माणसं टांग्याकडे बघून न बघितल्यासारखं करत आणि रिक्षाकडे पळत. सुधाकरला घोडा विकून रिक्षा घ्यायची होती. त्याचंही चुकत नव्हतं. घरात त्यावरून रोज वाजे.

"आये, ह्या घोड्याला खाडीकडची संध्याकाळची भाडी घ्यायची नाय, दुपारची घ्यायची नाय. मग घ्यायची कधी? पहाटे कोंबड्याला नेऊ काय टांग्यातनं?"

"खाडीला मुरकुटं असतात."

"माणसं पण असतात तिथं!"

"घोड्याच्या अंगाला जखम नाय तोपर्यंत तो कामाला उभा ऱ्हाईल. काम करतो तोपर्यंत तू त्याला विकू शकत नाय. बोललंय मी तुला."

हा त्या मायलेकांमधला करार होता. ज्या दिवशी वकिलाची कातडी साज सहन करणार नाही, त्या दिवशी घोडा विकायचा. काकींनी तो स्वतःच मान्य केला होता, कारण माशांशी लढाई आपण हरू असं त्यांना कधी वाटलं नाही. आणि तेलाचं नाव त्या सांगत नव्हत्या, कारण घोडा नीट ठेवणं फक्त आपल्यालाच येतं, या एका गोष्टीवर तो घोडा त्यांचा होता. दुसऱ्याला ते आलं असतं तर सुधाकर म्हणाला असता, मग दुसराच ठेवील की.

काकींची एक मुलगी केळशीला दिलेली होती, तिचं बाळंतपण आलं. पहिली खेप माहेरी व्हायची, पण सासू अंथरुणावर, तिचं करणारं दुसरं कोणी नाही. काकींना जावं लागलं. भात पिकायच्या दिवसांत, म्हणजे माशा सगळ्यांत माजलेल्या असताना. निघताना त्यांनी सुधाकरला तबेल्यात उभं करून सूचना दिल्या. लीद कधी उचलायची, धुरी कुठे ठेवायची, डोळ्यांवरची सुतळ्यांची झालर कशी बांधायची. शेवटी डबा दाखवला. "रोज बोटभर. चोळून. थापायचं नाय."

मी दारात उभी होते. म्हटलं, "काकी, संपलं तर?"

"मी येईपर्यंत संपत नाय."

"पण सांडलं तर? नाव तरी सांगा."

"किती गो बोलतेस! हापिसात तुला कोण बोलायला देत नाय काय?" आणि त्या एस.टी.ला निघून गेल्या.

सुधाकरने लीद उचलली. धुरीही केली. तो मुलगा वाईट नव्हता. फक्त रोज रोज तेच काम करायचा त्याला कंटाळा होता. रोज बोटभर चोळण्यापेक्षा एकदाच भरपूर थापलं की आठवडा मोकळा, असा त्याने विचार केला आणि डबा संपला. दोन-चार दिवसांनी माशांनी घोडा पुन्हा घेरला. खूर आपटणं सुरू झालं. आता आईला काय सांगायचं? तेव्हा तो इमारती लाकडाच्या वखारीत गेला आणि तिथल्या माणसाला म्हणाला, काळं तेल दे, किडा-माशी जवळ येता कामा नये असं. वखारवाल्याकडे तसलं एकच तेल होतं. त्याने डिंबेल दिलं. वर म्हणाला, "ह्याच्यानं वाशाला वाळवी लागत नाय, घोड्याला माशी काय लागतेय!"

डिंबेल म्हणजे काजूच्या टरफलाचं तेल. मी नाटे या बंदरावरच्या गावची. आमच्याकडे होड्यांना डिंबेल लावतात. लाकूड त्याने जन्मभर टिकतं. पण अंगावर एक थेंब पडला तरी कातडी भाजून निघते. आमच्याकडचं शाळेतलं पोरही काजू फोडायला बसताना आधी हाताला खोबरेल लावून घेतं. हे सुधाकरला ठाऊक नव्हतं असं नाही. मी ऑफिसातून आले तेव्हा तो अंगणात उभा होता, हातात दाराला रंग लावायचा ब्रश होता आणि समोर वकील मानेपासून पायापर्यंत तपकिरी दिसत होता. वाशांना लावताना घालतात तसं रॉकेल घालून त्याने ते पातळही केलं होतं.

"बघा ताई," तो खुशीत म्हणाला. "आता महिनाभर बघायला नको."

वास माझ्या नाकात शिरला आणि माझ्या हातातली छत्री खाली पडली. "सुधाकर, हे डिंबेल आहे!"

"हो. मग?"

"मग? अरे, भाजेल तो!"

"घोड्याचं कातडं ते, ताई. जाड असतं. माणसाचं थोडंच हाय?"

मी त्याच्या हातांकडे बघितलं. ब्रश धरलेल्या हाताला त्याने कोपरापर्यंत प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती. ती पिशवी मला अजून दिसते. एवढं लिहितानासुद्धा माझं डोकं तापलं आहे.

माझ्या खोलीतली खोबरेलाची बाटली, शेजारणीकडची बाटली, काकींच्या घरातला बुधला, सगळं आणलं. जुन्या चादरी फाडल्या. आम्ही अंधार पडेपर्यंत डिंबेल पुसत होतो. चोळायचं नाही, टिपून घ्यायचं. ज्या सुनेवर काकींनी खाणावळीचा आरोप केला होता ती न बोलावता आली आणि साबणाचं पाणी ओतत राहिली. पण दुपारपासून ते अंगावर मुरलं होतं. सकाळी घोड्याच्या मानेवर, पाठीवर आणि छातीवर फोड आले. नेमके तिथे, जिथे साजाचे पट्टे बसतात. जनावरांचे डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, मलम दिलं. ते म्हणाले, "फोड बरे होतील. पण माश्या बसू देऊ नका. जखमेत अळ्या पडल्या तर हा घोडा जाईल." मी केळशीला तार केली.

काकी आल्या त्या पिशवी खाली न ठेवता थेट तबेल्यात गेल्या. वकिलाने त्यांच्याकडे मान वळवली आणि ती अर्ध्यातच थांबवली, कारण मान वळवायची तर कातडी ताणत होती. काकींनी त्याला हात लावला नाही. लावायला धड जागाच नव्हती. मग त्या अंगणात आल्या आणि सुरू झाल्या. सुधाकर, वखारवाला, वखारवाल्याचा बाप, केळशीची विहीण, एस.टी.चा कंडक्टर, कोणालाही त्यांनी सोडलं नाही. आळी दारात गोळा झाली. शेवटी त्या माझ्याकडे वळल्या.

"नि तू! तू नाट्याची ना गो? बापाची होडी डिंबेलानं रंगवलीत ना जन्मभर? तुझं लक्ष कुठं होतं?"

मी तोवर दोन रात्री झोपले नव्हते. माझे हात डिंबेल पुसून पुसून सोलवटले होते. मी मोठ्या माणसाला उलट बोलणारी नाही, पण त्या दिवशी बोलले, आणि पूर्ण आळीसमोर बोलले.

"माझं लक्ष ऑफिसात होतं, काकी. तुमचं लक्ष कुठं होतं? डब्यात काय आहे हे मी तुम्हाला विचारलं. जाताना पुन्हा विचारलं. तुमच्या मुलाने विचारलं. एक शब्द सांगितला असतात तर तो बाजारात जाऊन तेच तेल घेऊन आला असता. त्याला घोडा ठेवता येऊ नये म्हणून तुम्ही बोलला नाहीत. आता त्याला खरंच आलं नाही. रागवा आता!"

सुधाकरने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यालाही मारलं. काकींचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी तोंड उघडलं आणि मला वाटलं, दुसरी थोबाडीत. पण त्या एकदम ओरडल्या, "करंजेल! करंजेल हाय ते! ऐकलंत सगळ्यांनी? करंजाच्या बियांचं तेल! घाण्यावर मिळतं! आता बोंबलत जा गावभर!"

आणि पायरीवर बसल्या.

इतकं साधं. करंजेल आमच्याकडे खरजेला लावतात, गुरांना लावतात. कोणीही ओळखलं असतं. काकी त्यात थोडा कापूर घालायच्या, म्हणून वास ओळखू येत नव्हता. हे त्यांनी त्याच दमात, ओरडूनच सांगितलं. "कापूर पण घालतंय! वडी कुस्करून!"

त्यानंतरचे दिवस आम्ही सगळे माश्यांशी लढलो. करंजेल उघड्या जखमेला लावायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. धूर किती करणार? मी रविवारी नाट्याला गेले आणि वडिलांकडून जवळ्याचं जुनं जाळं घेऊन आले. जवळा म्हणजे मुंगीएवढी कोळंबी. तिचं जाळं इतकं बारीक विणीचं की मुरकुटही आत शिरणार नाही. काकींनी ते हुंगलं आणि भडकल्या.

"मासळीच्या वासाचं जाळं! माश्यांना आवतणच पाठव ना, घोडा वाढलाय म्हणून!"

पण ते त्यांनीच धुतलं. धुण्याच्या सोड्यात उकळून, पुन्हा धुऊन, उन्हात वाळवून, पुन्हा हुंगून. मग सुधाकरने तबेल्याला चारी बाजूंनी ते खिळवलं. दिवसा तो आत बसून निरगुडीच्या डहाळीने वारा घाले. दुसऱ्या कुठल्या कामालाही जात नव्हता. काकी त्याच्याशी बोलत नव्हत्या, पण दुपारी ताट वाढून जाळ्याखालून आत सरकवत. आणि आश्चर्य म्हणजे आता त्या सांगत सुटल्या होत्या. वाटेवरून जाणाऱ्या माणसाला थांबवून, चिडून सांगायच्या. टपालवाल्याला करंजेल सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. त्याच्याकडे घोडा नव्हता, म्हैस होती. "म्हशीला पण लाव! बघत काय बसलायस!"

अळ्या पडल्या नाहीत. घोडा वाचला. दिवाळीनंतर खपल्या गळाल्या आणि खालून गुलाबी, बिनकेसांची, पातळ कातडी आली. काकींनी एक दिवस स्वतःच साज काढला, मऊ फडक्यांचं अस्तर शिवलं आणि पट्टा घातला. टांग्याला जोडून फाटकापर्यंत नेला. परत आणून पट्टा सोडला तर खाली रक्त. काकी त्या पट्ट्याकडे बघत राहिल्या. सुधाकर घाईघाईने म्हणाला, "आये, अजून थोडे दिवस बघू. मी नाय म्हणत विकायचं."

"मी म्हणतंय," काकी म्हणाल्या. "बोललंय ना मी तुला. मग?"

मला त्यांचा तेव्हाही राग आला. शब्द मोडला असता तर त्यांना कोणी फाशी देणार नव्हतं. पण त्यांचं सगळंच तसं होतं. करार केला तर तो स्वतःवरही चालवायचा.

गिऱ्हाईकं आली. पहिल्याने दात बघितले आणि घाटावरच्या बाजारात पुन्हा विकायची भाषा केली. त्याला काकींनी फाटकाबाहेर घालवलं. दुसऱ्याने फक्त पांढरा रंग बघितला. तिसरा अलोऱ्याहून आला. तिथे धरणाच्या कामाची वसाहत होती, माणसांची वर्दळ होती, लग्नं होती, आणि त्याला फक्त वरातीसाठी घोडा हवा होता. टांगा नाही, साज नाही. माणूस बडबड्या, हसरा. त्याने घोड्याभोवती फेरी मारली आणि गुलाबी डाग पाहून म्हणाला, "काय हरकत नाय हो काकी. वरनं झूल घालणार. झुलीखाली कोण बघतंय?"

"माश्या बघतात," काकी म्हणाल्या.

तो हसायला लागला आणि त्यांचं तोंड बघून थांबला. मग काकींनी त्याला पायरीवर बसवलं आणि तबेल्यातल्या सगळ्या गोष्टी सांगायला घेतल्या. मी खिडकीत होते. असा संताप मी कधी ऐकला नव्हता. एकेक सूचना शिवी दिल्यासारखी. "डांस कधी येतो? बोल. ऊन तापल्यावर. मग दुपारी घोडा बाहेर काढशील? बोल! शेपटीला कात्री लावशील? तेल कसलं?"

"करंजेल."

"किती?"

"बोटभर."

"आणि जखमेला?"

त्याने डोकं खाजवलं. काकींचा आवाज आळीच्या टोकाला गेला असेल. "लावायचं नाय! जखमेला लावायचं नाय! परत सांग पहिल्यापासून!"

त्याने पहिल्यापासून सांगितलं. मधेच अडखळला, तेव्हा आतून सुधाकर म्हणाला, "मुरकुटं. दिवेलागणीला." काकींनी त्याच्याकडे वळून बघितलं.

ठरलेल्या दिवशी टेम्पो आला. फळी लावली, वकिलाने सवयीप्रमाणे आधी मान हलवून नाही म्हटलं आणि मग वर चढला. मला वाटलं, आता काकी रडतील. मी पाण्याचा तांब्याही आणून ठेवला होता. काकींनी पदर खोचला आणि त्याही टेम्पोत चढल्या.

"आये, तू कुठं?" सुधाकर म्हणाला.

"गोठा बघायला. वारा कुठनं येतो ते ह्या येड्याला काय कळणार? धुरी कुठं ठेवील हा?"

"अगो, पण कपडे? औषध?"

"तू ये घेऊन उद्याच्या एस.टी.नं."

टेम्पो निघाला. वळणापर्यंत त्यांचा आवाज येत होता. त्या अलोरेवाल्याला वाटेतल्या गुरांच्या माशांबद्दल झापत होत्या.

काकी अलोऱ्याला बरेच दिवस राहिल्या. सुधाकरने मध्ये जाऊन कपडे दिले, चार दिवस तिथे राहून जाळं ठोकून दिलं आणि परत आला. पुढे तो रिक्षा चालवायला लागला. काकी परत आल्या त्या संध्याकाळी तबेला रिकामा होता, जमीन झाडलेली होती आणि धूर नसल्याने माझी खिडकी सताड उघडी होती. त्या अंगणात उभ्या राहिल्या. सगळी आळी त्यांना विचारायला टपलेली, पण हिंमत कोणाची होईना. शेवटी मीच अंगणात गेले.

"कसा आहे हो तो माणूस, काकी?"

"बिनडोक," काकी म्हणाल्या. पिशवी खाली ठेवली. "पण विचारतो."